प्रकरण अकरावे : घरचा फोटोवाला

जात्याला आंब्याची पानं बांधून झाली होती. हळकुंडं परातीत पडली होती, पाच सवाष्णी पदर खोचून बसल्या होत्या, आणि रंभाआते भिंतीला टेकून पाय लांब करून गप्प होती. ती तोंड उघडेपर्यंत जातं फिरणार नव्हतं. आणि हातात सूप पडेपर्यंत ती तोंड उघडणार नव्हती.

सुपात काय लागतं ते घरात सगळ्यांना पाठ होतं. तांदूळ, नारळ, सुपारी आणि खण. रंभा धवलारीण होती, लग्नातली धवल्यांची गाणी गाणारी. डोळखांबपासून टोकावड्यापर्यंत ज्या घरांत अजून धवले गाऊनच हळद लागते, त्या घरांतून तिला बोलावणं यायचं, आणि सूप घेतल्याशिवाय ती कुठेच गायली नव्हती. आजची हळद तिच्या सख्ख्या भावाच्या, कुंडलिकच्या मुलीची होती. तरी सूप म्हणजे सूप. नारळ आणायचे नेमके घरचेच विसरले होते, आणि कुंडलिकचा मुलगा अनिल ते आणायला मोटरसायकलवरून टोकावड्याला गेला होता.

"अक्का, पहिला धवला तरी धर," कुंडलिक म्हणाला. "नारळ काय येईलच. घरचंच तर काम हाय."

"घरचं हाय म्हणून बसून तरी हाय," रंभा म्हणाली. "दुसऱ्याच्यात असते तर उठून गेली असते."

लग्नाला चार दिवस राहिले होते आणि कुंडलिक आताच पार उसवून गेला होता. मुलगी एकदाची उजवली की आठ दिवस झोपायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. तो बाहेर मांडवात आला. जांभळीच्या टहाळ्या वरून सुकायला लागल्या होत्या आणि मे महिन्याचं ऊन त्यांच्यातून खाली गळत होतं.

खिशात मानाची यादी होती, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली. लग्न लागल्यावर भर मांडवात ज्यांना बोलावून टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा, त्यांची ती नावं. न्हावी, वाजंत्री, मांडववाला, आचारी. आज सकाळी अनिलनं खाली आणखी एक ओळ घातली होती : कल्याणचा फोटोवाला.

त्या ओळीनं कुंडलिकची दुपारची झोप घालवली होती. पंधरा वर्षं या घरातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं हितेशनं काढलं होतं. हितेश त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा. मुरबाडला एसटी स्टँडच्या बाजूला त्याचा स्टुडिओ होता. घरच्यांकडून त्यानं कधी पैसे घेतले नाहीत आणि घरच्यांनी कधी काढले नाहीत. मानाच्या यादीत त्याचं नाव कधी आलं नाही, कारण घरच्याला कोणी टॉवेल-टोपी देतं का? आता त्याला सांगायचं होतं, की यंदा तू नको. आणि तो तासाभरात कॅमेरा घेऊन येणार होता.

अशा कामांसाठी कुंडलिकची एक ठरलेली वाट होती.

"वयनी, जरा इकडं या."

ताराबाई, हितेशची आई, हात पुसत बाहेर आली. दिराचा हा मऊ आवाज तिला चांगला माहीत होता. याच आवाजात त्यानं नवरा गेल्याच्या वर्षी खालची खाचरं मागून घेतली होती.

"हितेशला यंदा मोकळा ठेवू म्हणतो. दर लग्नात पोरगा उभाच असतो. जरा पावण्यासारखा बसू दे त्याला."

"आणि फोटो?"

"अनिलनं कल्याणचा बघितलाय. ड्रोन हाय त्याच्याकडं, वरून काढतो."

"पैसे देऊन?"

"मग? फुकट कोण येतंय?"

बोलून गेल्यावर कुंडलिकला आपलंच वाक्य ऐकू आलं. त्यानं यादीची घडी घातली, पुन्हा उघडली.

"व्याह्यांना पसंत नाय," तो म्हणाला. "मोठी माणसं ती, भिवंडीकडची. मी सांगितलं, घरचाच पोरगा काढतो, काय घेत नाय, तर हसले."

"भावजी, त्यानं शहापूरची ऑर्डर सोडली," ताराबाई म्हणाली. "तीन दिवसांचं लग्न होतं. तीच तारीख. इसार घेतलेला, तो परत दिला. आता त्यांनी दुसरा केला."

"मला कुणी सांगितलं हे?"

"तुमी विचारलंत?"

कुंडलिक बाकड्यावर बसला. म्हणाला, "तुमीच सांगा त्याला. तुमी आय हाव, तुमचं ऐकेल." आणि मग आणखी हळू आवाजात, "पण आज नको. कल्याणवाला हळद दळायला येत नाय, त्याच्या पॅकेजात ते बसत नाय. आजचे काढू दे. संध्याकाळी सांगा."

ताराबाई त्याच्याकडे पाहतच राहिली. रागवायला सुद्धा अंगात जोर लागतो, आणि ती पहाटे चारपासून उभी होती.

"मी नाय सांगणार," एवढं म्हणून ती आत गेली.

*

मी सांगणार नाही म्हणाली होती, आणि हितेश आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं नाहीच.

बाईक मांडवाबाहेर लावून तो दोन्ही खांद्यांना पिशव्या अडकवून आला. एकोणचाळीस वर्षांचा, दाढीत पांढरं आलेलं. पिशव्यांनी त्याचा डावा खांदा कायमचा खाली उतरला होता. "आय, पाणी दे," म्हणाला, आणि पाणी यायच्या आधीच खिडकीचा पडदा बाजूला करून उजेड कुठून येतो ते बघायला लागला.

ताराबाईनं तांब्या दिला. सांगायचं ते ओठापर्यंत आलं होतं. पण सांगायला गेलं तर पार मुळापासून सांगायला लागलं असतं, आणि मूळ तिच्यापाशीच होतं.

नवरा गेला तेव्हा हितेश विशीत होता. चार वर्षांनी त्यानं पहिला कॅमेरा घेतला आणि चुलत्याच्या घरातलं पहिलं लग्न काढलं. तेव्हा ताराबाईनंच त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरच्यांकडून एक रुपया घ्यायचा नाय. खाचरं गेली होती. राहायला मिळालेली घराची एक बाजू कुंडलिकच्या मेहेरबानीवर होती. तिला वाटलं होतं, पोराच्या या फुकटच्या कामानं दोघांची या घरातली जागा राहील. कुणाला हाकलावंसं वाटणार नाही. ती जागा राहिली होती, हे खरं होतं. ती कसली जागा होती ते मात्र तिला आज मांडवात कळलं, आणि कळून करायचं काय ते कळेना.

"काय गो आय, बरं नाय वाटत?" हितेशनं विचारलं.

"उन्हाचं," ती म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन चुलीकडे वळली.

*

कुणाली जात्यापाशी पाटावर बसली होती. नवरीनं पहिला घास जात्यात घालायचा असतो. तेवढ्यासाठी तिला तासभर बसवून ठेवलं होतं.

"हात जरा खाली घे," हितेशदादा सांगत होता. "बांगड्या दिसू दे. माझ्याकडं बगू नको, हळदीकडं बग."

दादा गुडघ्यावर बसला होता, घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता, आणि तो पुसत नव्हता. लहानपणी तिचे शाळेचे पासपोर्ट फोटो यानंच काढले होते. दरवेळी केस विंचरून द्यायचा. तिला आठवलं, आणि तिला हळदीकडेही बघवेना.

कारण कल्याणचा फोटोवाला व्याह्यांनी मागितला नव्हता. व्याह्यांना फोटोवाला कोण याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तो तिनं मागितला होता. एक महिना बाबांच्या मागं लागून.

तिची थोरली बहीण प्रियांका चार वर्षांपूर्वी शहापूरकडे दिली. लग्नाचे फोटो दादानंच काढले. ते अजून आले नव्हते. एकदा कार्ड खराब झालं, एकदा लग्नसराई होती, एकदा अल्बमवाल्याचं काही तरी झालं. प्रियांकाच्या सासूनं जोडीच्या फोटोसाठी भिंतीवर खिळा ठोकून घेतला होता, त्याला चार वर्षं कॅलेंडर लटकत होतं. दर जानेवारीत सासू नवीन कॅलेंडर लावताना काही तरी बोलायची. प्रियांका फोनवर ते सांगून हसायची. प्रियांकाची मुलगी तीन वर्षांची झाली, आणि तिला आईबापांचं लग्न दाखवायला घरात एक कागद नव्हता. अनिलच्या लग्नाचे तेवढे वेळेत आले, कारण अनिल रजा टाकून दोन दिवस स्टुडिओत जाऊन बसला होता.

"एक हसून दे," दादा म्हणाला.

"दादा, थांब."

"झालंच. दोन काढतो."

"लग्नाला तू काढू नको," कुणाली म्हणाली. "कल्याणचा बोलावलाय. बाबा तुला व्याह्यांचं नाव सांगतील. ते खोटं हाय. मीच सांगितलं, मला दादा नको."

पाचही बायकांनी एकदम हळकुंडांकडे बघायला सुरुवात केली. दारात कुंडलिक येऊन उभा होता, त्यानं डोळे मिटले. हितेशनं कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला, पण उठला नाही.

"का?" त्यानं विचारलं. रागानं नाही. पत्ता विचारावा तसं विचारलं.

"प्रियांकाताईचे कुठं हायत?"

त्यानं मान खाली घातली.

"तू चांगला काढतोस, दादा. मला माहीत हाय. पण मला खिळ्यावर कॅलेंडर नको." तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाच राग आला.

ताराबाई चुलीकडून पुढं आली. "असं भर बायकांत बोलायचं? पंधरा वर्षं राबला तो तुमच्यात. शहापूरचं लग्न सोडलं तुझ्यासाठी, ठाऊक हाय?"

कुणालीला ते ठाऊक नव्हतं. तिनं बापाकडे पाहिलं. बापानं मांडवाकडे.

"मग घ्यायचे ना पैसे," नवीन आवाज आला. अनिल नारळांची पिशवी घेऊन दारात पोचला होता, आणि भांडण कशाचं ते त्याला अर्ध्या वाक्यात कळलं होतं. "काकी, आमी नको बोललो होतो काय? यानं कधी मागितले नाय, मग आमी तारीख कुठल्या तोंडानं मागायची? बाहेरच्याला फोन करून झापता येतं. याला काय बोलणार? बोललं की तुमी रडणार."

"मी कधी रडले?"

"आता काय करताय?"

"पुरे," रंभाआते म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण तो चाळीस वर्षं वाजंत्र्यांच्या वर ऐकू आलेला आवाज होता. तिनं लांब केलेले पाय जवळ घेतले.

"गेल्या साली नवसूच्या पोरीच्या हळदीत मी एक धवला गाळला. विसरले. वय झालं. नवसूची बायको उभ्या मांडवात मला बोलली. वाईट वाटलं, पण मी ऐकून घेतलं. बोलायचा हक्क होता तिचा, तिनं सूप दिलं होतं." ती भावाकडे वळली. "कुंडलिक, तू या पोराला काय दिलंस? एक नारळ तरी? नाय दिलास, म्हणून तुला बोलताही आलं नाय. पंधरा वर्षं मनात ठेवलंत सगळ्यांनी, आणि आता एकदम कल्याणचा."

"अक्का, घरच्याला कसं..."

"मी कोण हाय मग? मी बाहेरची?"

कुंडलिकनं खिशातली यादी चाचपली.

"आणि तू," रंभा हितेशला म्हणाली. "तू खाली मान घालून बसलास म्हणून तुझं चुकलं नाय असं होत नाय. काय घेतलं नाय, म्हणून उशीर केला तरी चालतो, असं धरलंस तू. पोरीच्या भिंतीला चार वर्षं खिळा."

*

हितेश अजून गुडघ्यावरच होता. उठायला हवं होतं, पण उठल्यावर हात कुठं ठेवायचे ते सुचत नव्हतं.

आतेचं खरं होतं. प्रियांकाच्या लग्नाची डिस्क स्टुडिओतल्या कपाटात फरसाणाच्या प्लास्टिकच्या डब्यात होती, वर तिच्या नावाची चिठ्ठी होती. रोज कपाट उघडलं की दिसायची. पण ज्यांनी पैसे दिले ते सकाळी उठल्यापासून फोन करायचे, दुकानात येऊन बसायचे, आवाज चढवायचे. त्यांचं काम आधी व्हायचं. प्रियांकानं चार वर्षांत एकदाच फोन केला होता. "दादा, तुला सवडीनं जमलं तर," असं म्हणाली होती. सवड कधी आली नाही. दर दिवाळीला त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटली की तो डबा आणखी मागं सरकवायचा.

आणि दुसरंही खरं होतं. दर लग्नात शेवटी काका एकेकाला पुकारायचा. न्हावी यायचा, आचारी यायचा, टोपी घालून घ्यायचा, आणि हितेश त्याचा फोटो काढायचा. त्याला टॉवेल-टोपीची हाव नव्हती. पण यादी संपली की काका कागद खिशात घालायचा, तो क्षण त्याला दरवेळी लागायचा. हे त्यानं आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"भागी," कुंडलिकनं आत बायकोला हाक मारली, "दोन सुपं आण."

एक सूप रंभापुढं गेलं. तिनं नारळ हलवून बघितला, पाणी आहे याची खात्री केली आणि कपाळाला लावला. दुसरं सूप कुंडलिकनं स्वतः भरलं. तांदूळ सांडले, ते त्यानं वेचून परत घातले. खणाच्या जागी त्यानं आपल्या खांद्यावरचा नवा टॉवेल ठेवला. मग तो हितेशसमोर वाकला, आणि गुडघे दुखतात म्हणून तिथंच खाली बसला.

"घे," तो म्हणाला. "कुणालीचं लग्न तूच काढ. कल्याणवाल्याला नाय कळवतो."

"बाबा, त्याला इसार दिलाय," अनिल म्हणाला.

"जाऊ दे गेला तर."

हितेशनं कुणालीकडे पाहिलं. पंधरा वर्षं त्यानं नवऱ्या मुलींचे चेहरेच पाहिले होते. कुठली खरंच हसते आणि कुठली हसून दाखवते, ते त्याला कॅमेऱ्याशिवाय कळायचं. ही मान हलवून हो म्हणत होती, आणि मनातून घाबरली होती.

"नको काका," तो म्हणाला. "तो येऊ दे. तिला तो हवाय."

"अरे, पण..."

"सूप नको असं नाय बोललो." त्यानं दोन्ही हातांनी सूप धरलं. "हे प्रियांकाच्या लग्नाचं घेतो. उद्या येतेय ना ती? तिच्यासमोर परत सांगीन. वटपौर्णिमेच्या आत फोटो तिच्या भिंतीवर लागेल. नाय लागला तर काका, तुमी स्टँडवर येऊन दहा माणसांत मला बोला."

"ऐकलं सगळ्यांनी," रंभा म्हणाली.

"आज सात काढलेत," हितेश कुणालीला म्हणाला. "ते संध्याकाळच्या आत पाठवतो. तो माझा आहेर. त्याला सूप नको."

"आणि लग्नाला?" कुणालीनं विचारलं. "येशील ना?"

"येणार ना. मोकळ्या हातानं येणार."

त्यानं कॅमेरा पिशवीत ठेवला, चेन लावली आणि दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभा राहिला. शहापूरचं लग्न गेलं होतं, ते परत येणार नव्हतं. त्या तीन दिवसांच्या जिवावर त्यानं नवी लेन्स घ्यायचं ठरवलं होतं. राग यायला हवा होता, पण त्याला नुसती झोप आली होती. एका हातावर भरलेलं सूप होतं, आणि ते कुठं ठेवावं हे कोणी सांगत नव्हतं.

रंभाआतेनं धवला धरला. कुणालीनं हळदीचा घास जात्यात टाकला, बायकांचे हात खुंट्याला लागले आणि जातं जड आवाजात फिरायला लागलं. पिवळी पूड बाहेर पडू लागली. खिडकीतला उजेड बरोबर तिच्या हातांवर होता. हितेशचा हात आपसूक पिशवीकडे गेला आणि परत आला.

ताराबाई त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. काही बोलावं असं तिच्या मनात होतं. पंधरा वर्षांपूर्वी एका बाजूला घेऊन जे सांगितलं, ते चुकलं माझं, असं काही तरी. ते तिला जमलं नाही. तिनं त्याच्या हातावरचं सूप घेऊन आपल्या कमरेवर धरलं.

"आय," तो हळूच म्हणाला, "लग्न लागताना मी बसायचं कुठं?"

ताराबाईनं मांडवाकडे पाहिलं. मामाची जागा तिला माहीत होती. व्याह्यांची, वाजंत्र्यांची, न्हाव्याची, आत्याबाईंची, कोण कुठल्या खांबापाशी बसतं ते सगळं ती डोळे मिटून सांगू शकली असती. ती एकेका खांबावरून नजर फिरवत राहिली.

"थांब, बघते," ती म्हणाली. "तुझी जागा मी कधी बघितलीच नाय रे."